जीपमधले तिघे

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं तीस-पस्तीस वर्षं खुर्चीवर बसलेली असतात. माझी नोकरी अडीच महिन्यांची. तीही खुर्चीवरची नाही, कारण खुर्ची एकच होती आणि ती नाक्यावरच्या पोलीस जमादारांची होती. म्हणून संपादकांनी विचारलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा हो म्हटलं, कारण त्या अडीच महिन्यांतली एक गोष्ट माझी लिहायची राहून गेली आहे. माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं नाव लिहीत नाही.

कोरोनाचा पहिला उन्हाळा. मी उदगीरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. कॉलेज बंद झालं, खोली सोडून देवणी तालुक्यातल्या आमच्या गावी आले. थोड्या दिवसांनी तहसीलचा निरोप आला. कर्नाटकच्या हद्दीवर तपासणी नाका बसवलाय, तिथं नोंदी लिहायला माणसं कमी पडतात, कॉलेजची मुलं चालतील. घरी आधी नको म्हणाले. मग आप्पा म्हणाले, "लिहायचंच काम हाय नव्हं? मग तुझंच हाय ते." माझ्या शिक्षणाचा काय उपयोग, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगता आलं असावं.

आमच्याकडची हद्द डोळ्यांना दिसत नाही. इकडं काळी जमीन, तिकडंही काळीच. इकडच्या लेकी तिकडं दिलेल्या, तिकडच्या इकडं. अर्ध्या घरांत चुलीपाशी कानडी आणि ओसरीवर मराठी. दुष्काळाच्या सालांत ह्याच रस्त्यानं तिकडून कडब्याचे ट्रॅक्टर यायचे, तेव्हा हद्द कुठं लागते हे कुणी विचारलं नव्हतं. आता लिंबाच्या झाडाखाली पत्र्याची शेड, रस्त्यावर आडवा बांबू, आणि बांबूला दोरी. ती दोरी ओढणारा सांगेल तिथं महाराष्ट्र सुरू.

काम सोपं होतं. गाडीचा नंबर, कुठून आले, कुठं चालले, कितीजण, खोकला, ताप, दम, कपाळाचं तापमान. बाहेरून आलेल्याच्या डाव्या हाताच्या पाठीवर निवडणुकीच्या शाईचा शिक्का, म्हणजे हा माणूस चौदा दिवस घराबाहेर पडणार नाही. मग ज्या गावात तो चालला तिथल्या सरपंचाला संध्याकाळी फोन. सगळ्या सरपंचांचे नंबर रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलेले होते.

तापमानाच्या बंदुकीबद्दल मात्र सांगायला हवं. उन्हातून आलेल्या कुणाच्याही कपाळावर ती धरली की शंभरच्या वरच आकडा यायचा. पहिल्या दिवशी मी अकराजणांना तापाचे म्हणून बाजूला काढलं, तेव्हा जमादार म्हणाले, "म्याडम, आता माझं बघा." त्यांचं सगळ्यांत जास्त आलं. त्यानंतर आम्ही माणसाला आधी लिंबाच्या सावलीत बसवायचो आणि मगच बंदूक धरायचो. एकजण देवणी जातीचा वळू घेऊन आला, त्याचाही आकडा लिहा म्हणून हटून बसला. एकशे एक आलं. माझा चेहरा उतरला. नाक्यावर माझ्याबरोबर असलेले शाळेचे गुरुजी हसून म्हणाले, "अगं, बैलाचं तेवढंच असतं. तो ठणठणीत हाय, मालकाचं बघ."

गुरुजी मूळचे भोकरचे, नोकरीला आमच्या तालुक्यात. नाक्यावर त्यांची ड्यूटी लावलेली होती. भोकरला त्यांची आई एकटी होती, पण भोकर नांदेड जिल्ह्यात, म्हणजे मध्ये आणखी एक हद्द आणि तिथला वेगळा पास. लातूरमधून फुटून उदगीर वेगळा जिल्हा होणार हे मी प्राथमिक शाळेपासून ऐकत आले आहे. जमादारांनी तो विषय काढला की गुरुजी म्हणायचे, "बरं झालं, झाला न्हाई. झाला असता तर मला अजून एक नाका वलांडावा लागला असता."

रोज येणारा एक शेतकरी होता. दुष्काळात त्याच्या रानात पाणी लागलं नाही म्हणून त्यानं सासऱ्याच्या रानात, म्हणजे कर्नाटकात, विहीर घेतली होती. मोटार चालू करायला तो दिवसातून चार वेळा हद्द ओलांडायचा. प्रत्येक खेपेला चौदा दिवस धरले तर ह्यानं किती साल घरात बसावं, याचं गणित गुरुजींनी मला एकदा घातलं होतं. तो माणूस ऐकत होता. म्हणाला, "गुरुजी, तेवढं जगलो तर बसतो."

असे दिवस होते. आता जीपबद्दल लिहिते.

दुपारची बाराची वेळ असेल. रांगेत दुधाच्या गाडीपुढं एक जुनी जीप होती. चालवणारा पंचविशीतला, मागं त्याचे आई-वडील. पासावर लिहिलेलं होतं, बिदरचा दवाखाना ते घर. रुग्ण असलेल्या गाडीतल्या माणसांना आम्ही उतरवत नव्हतो. मी वही घेऊन जीपपाशी गेले. आईचं नाव पासावर होतं, कस्तूरबाई. त्यांनी पदर नाकावरून घट्ट बांधला होता. नवरा त्यांच्या खांद्याला टेकून बसला होता. त्यांचं नाव शिवलिंगप्पा.

मी विचारलं, "कितीजण?"

मुलगा स्टिअरिंगकडं बघत राहिला. कस्तूरबाई म्हणाल्या, "जाताना तिघं होतो."

मी तीन लिहिलं.

"ह्यांना खोकला?"

"आता न्हाई."

"दम लागतो?"

"आता न्हाई."

"ताप?"

"बघ की तूच."

मी खिडकीतून हात आत घालून बंदूक धरली. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. जीपमध्ये सावली होती, त्यामुळे आकडा चांगला आला. त्या दिवशीच्या सगळ्या नोंदींत सगळ्यात चांगला तोच होता. मी तो लिहिला.

तोवर मला कळलं होतं. खरं म्हणजे आकडा येण्याआधीच कळलं होतं. शिवलिंगप्पा जीपच्या सीटवर मांडी घालून बसले होते. आजारी माणूस जीपमध्ये मांडी घालून बसत नाही. छातीवरून उपरणं नेऊन मागच्या दांडीला बांधलेलं होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ताजे होते. डावा तळहात मांडीवर उताणा, आणि त्यावर कस्तूरबाईंनी आपला तळहात झाकणासारखा ठेवला होता. त्या दोन तळहातांच्या मध्ये काय असणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला असं म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. अंग ताठायच्या आत त्याला मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, आणि तसंच बसलेलं त्याला आपल्या रानात मातीत ठेवतात. जंगम, म्हणजे आमचा पुरोहित, येतो आणि त्याच्या माथ्यावर पाय ठेवतो, मगच ते पुरं होतं. आमच्या आज्जांना असंच भिंतीला टेकवून बसवलेलं मी आठवीत असताना बघितलं होतं. घरचे लोक पाया पडत होते, विभूती लावत होते, सगळं गाव येऊन गेलं होतं.

म्हणजे ह्या माय-लेकरांनी कुणाला फसवायला त्यांना बसवलेलं नव्हतं. वाटेत प्राण गेला, आणि त्यांनी वाटेतच जे करायचं ते केलं होतं.

नियम आम्हाला वेगळा सांगितला होता. वाटेत दगावलेलं कुणी आढळलं तर गाडी अडवायची, वरती फोन करायचा. देह तपासणीला जाणार, पुढचं तिकडचे लोक त्यांच्या पद्धतीनं करणार. घरच्यांना लांबून बघायला मिळालं तर मिळालं. रान नाही, माती नाही, बहुधा आगच.

जमादार बांबूपाशी होते. मागं दुधाची गाडी हॉर्न वाजवत होती. त्यांनी तिथूनच शिक्का माझ्याकडं दिला आणि लवकर मारा म्हणाले. मुलानं हात पुढं केला, त्याच्या हातावर मारला. मग मी मागं वळले. शिवलिंगप्पांचा डावा हात उचलला असता तर तळहातावरचं लिंग खाली पडलं असतं. मी शिक्का घेऊन तशीच उभी राहिले.

कस्तूरबाईंनी दुसरा हात पुढं केला. म्हणाल्या, "पोरी, माझ्याच हातावर दोन मार."

मी दोन मारले. एक मनगटापाशी, एक बोटांकडं. बांबू वर गेला आणि जीप गेली.

इथवर मी जे केलं त्याबद्दल आजही मला फार वाईट वाटत नाही. चूक असेल, पण मी परत तसंच केलं असतं असं वाटतं. त्यानंतरचं सांगते.

जीप वळणाआड गेली. आज्जांच्या वेळची गर्दी डोळ्यांपुढं आली. आता त्या गावातही तसंच होणार. बायका पाया पडणार, म्हातारी माणसं मांडीला मांडी लावून बसणार, जंगम माथ्यावर पाय ठेवणार. शिवलिंगप्पा कशानं गेले हे कुणालाच माहीत नव्हतं. ते दोन वर्षांपासून किडनीचे पेशंट होते, हे मला पुढं कळलं. त्या वेळी मला एवढंच माहीत होतं की एक माणूस दवाखान्यातून येताना गेला आणि त्याला मी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहून गावात सोडलं.

मी रजिस्टरचं शेवटचं पान उघडलं आणि सरपंचाला फोन लावला. संध्याकाळची वाट बघितली नाही. सांगितलं की तुमच्या गावचे शिवलिंगप्पा वारलेत, जीप येतेय, कुणी जवळ जाऊ नका. त्यांनी विचारलं, कोरोनानं का? मी म्हणाले, मला माहीत नाही. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, म्याडम. त्यांच्या आवाजात इतका मान होता की मला हलकं वाटलं.

गुरुजींनी माझं बोलणं ऐकलं होतं. त्यांनी वही स्वतःकडं ओढली, नोंद वाचली, आणि बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मला रागावतील असं वाटलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाईला सांगितलंस का, फोन करणार हाय म्हणून?"

मी म्हणाले, नाही.

त्यांनी वही परत माझ्याकडं सरकवली आणि दुधाच्या गाडीचा नंबर सांगायला लागले.

खोटं कशाला लिहू, पुढचे कितीतरी दिवस मला आपण शहाणपणानं वागलो असंच वाटत होतं. त्यांना त्यांची माती मिळाली आणि गावही वाचलं. ऐन कसोटीत दोन्ही बाजू सांभाळल्या, असं मी मनातल्या मनात वाक्यसुद्धा तयार केलं होतं. पुढं पावसाळ्यात नाका उठला, रजिस्टर तहसीलला जमा झालं, मी घरी मोबाईलवर कॉलेजची लेक्चरं ऐकू लागले. पण लेक्चरात कुणी काही प्रश्न विचारला की मला गुरुजींचा प्रश्न ऐकू यायचा. दसरा झाल्यावर एक दिवस आप्पांना मैत्रिणीकडं जाते असं सांगितलं आणि त्या गावाला गेले.

कस्तूरबाई ओसरीवर सोयाबीन निवडत होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, कारण नाक्यावर माझं तोंड बांधलेलं होतं. मी नाक्यावरची म्हटल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं. आत गेल्या, तांब्या घेऊन दारात आल्या आणि तिथंच थांबल्या.

"पाणी देऊ? पिशील का?"

असं पाणी मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्याले. त्या माझ्याकडं बघत होत्या.

मग त्यांनी सांगितलं. मी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्यासारखं मला सांगता येणार नाही. जीप गावाच्या वेशीवर पोचली तेव्हा रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या. पलीकडं माणसं काठ्या घेऊन उभी होती, त्यांत त्यांचे दीरही होते. गावातून जाऊ दिलं नाही. वळसा घालून पाणंदीनं ते रानात गेले. मुलानं एकट्यानं खड्डा घेतला. वैशाखातली भेगाळलेली जमीन, खोरं आत जाईना, दिवस मावळायला आला तरी तो आतच होता. बांधावर लांब माणसं उभी होती, पण खाली कुणी उतरलं नाही. म्हातारे जंगमस्वामी आले, मोटारसायकलवरच बसून राहिले, आणि जे म्हणायचं ते तिथून म्हणाले. माथ्यावर पाय ठेवायला कुणी नव्हतं.

"मी कसा पाय ठेवू त्यांच्या डोक्यावर?" कस्तूरबाई म्हणाल्या. "हात ठेवला. तू शिकलेली हाइस, सांग बरं, चालतं का तसं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

तिघांपैकी उरलेल्या दोघांना काही झालं नाही. गावातही कुणी आजारी पडलं नाही. पण बाईनं रोग लपवून आणला, गावाच्या जिवावर उठली, हे बोलणं काही थांबलं नाही. कितीतरी दिवस गिरणीवाल्यानं दळण घेतलं नाही. मुलगा निलंग्याला कामाला गेला तो तिकडंच राहिला. नाक्यावरून कुणाचा तरी फोन आला म्हणून गाव वाचलं, असं लोक अजून म्हणतात, हे सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता.

मी म्हणाले, "काकू, फोन मी केला होता."

त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. दोन-तीन खडे काढून अंगणात टाकले. मला वाटलं, उठ म्हणतील.

"मला सांगितली असतीस," त्या म्हणाल्या. "मी पोराला जीपमधीच म्हणलं होतं, वेशीवर थांबव. मी लांबूनच सांगते, मालक लिंगैक्य झाले, कशानं ते कळलं न्हाई, ज्याला यायचं त्यानं तोंड बांधून या, न्हाई तर बांधावरून हात जोडा. मला का गाव मारायचं होतं? तू खोकला विचारलीस, दम विचारलीस. खरं तेच बोलले की मी. हे विचारली असतीस तर हे बी सांगितलं असतं."

त्यांनी आणखी एक खडा काढून अंगणात टाकला.

"बाकी जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पर माझ्या माणसाचं मरण माझ्या तोंडानं सांगायचं ऱ्हायलं."

नाक्यावर मला वाटलं होतं की ही बाई लपवणार. तिनं काही लपवलेलं नसताना मी तसं धरून चालले, आणि जे मी स्वतःच्या मनात धरलं तेच गावानं धरलं. एवढाच माझा गुन्हा, पण तो कुठल्या रकान्यात बसत नाही.

मी म्हणाले, मी गावात सांगते. सरपंचाला सांगते, देवळापाशी सांगते. कस्तूरबाईंनी मान हलवली. देवळापाशी नको म्हणाल्या. मग सूप भिंतीला लावलं, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि उठल्या.

"चल," म्हणाल्या.

पहिलं घर शेजारचंच होतं. मरणाचा निरोप देणारा आत जात नाही, तशा त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. घरातली बाई पिठाचे हात घेऊन आली. कस्तूरबाई म्हणाल्या, "आमचे मालक लिंगैक्य झाले."

ती बाई गोंधळली. कस्तूरबाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं, जणू मी त्यांना वेड्यांच्या दवाखान्यातून घेऊन आले होते. म्हणाली, "ठावं हाय की, अक्का. लई दिवस झाले त्याला."

"तुम्हाला फोननं सांगितलं. मी आज सांगायले."

मग मी सांगितलं की फोन माझा होता, काकूंनी काही लपवलं नव्हतं, मीच त्यांना विचारलं नव्हतं. ती बाई पिठाच्या हातांनी पदर सावरून उभी राहिली. आम्ही पुढच्या घरी गेलो.

तिथंही तेच. एका घरी दार उघडलं नाही, खिडकीत माणूस दिसत होतं तरी. दिराच्या घरी जाऊबाई रडायला लागली आणि दीर मागच्या दारानं निघून गेले. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली, ऐकून घेतलं आणि परत चालू केली. प्रत्येक दारात कस्तूरबाई तेवढंच वाक्य म्हणायच्या आणि माझ्याकडं बघायच्या, मग मी माझं म्हणायचे. सहाव्या-सातव्या घरापर्यंत माझा आवाज बसला होता.

त्यानंतरच्या घरी ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून कस्तूरबाई जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाल्या. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं. टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि असा निरोप आल्यावर माणसानं विचारावं तसं विचारलं.

"कवा?"

कस्तूरबाई काही तरी सांगायला गेल्या आणि थांबल्या. इतक्या घरांत कुणी हे विचारलं नव्हतं. त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या, चप्पल बाजूला काढली, आणि बिदरहून येताना वाटेतली भालकी सोडली तिथपासून त्यांना सांगायला लागल्या.

उरलेली घरं त्या दिवशी राहिली.